बंधाऱ्याला किती फूट? सिग्नल्स अँड सिस्टिम्सची नदीकाठची ओळख

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी तीन प्रश्न होतात. गगनबावड्यात पाऊस आहे का? राधानगरी धरणाचं दार उघडलं का? आणि बंधाऱ्याला किती फूट? कुठला बंधारा हे कुणी विचारत नाही, पंचगंगेवरचा राजाराम बंधाराच. ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

जिओमॅटिक्सच्या, म्हणजे जमीन मोजून नकाशे करायचं शास्त्र शिकणाऱ्या पोरांपुढे 'सिग्नल्स अँड सिस्टिम्स' हा विषय आला की त्यांचे चेहरे पडतात. "सर, आम्ही सर्व्हेवाली माणसं. हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं लोढणं आमच्या गळ्यात कशाला?" तक्रार अगदीच खोटी नाही. हा विषय बहुतेक वेळा रेझिस्टर, कपॅसिटर आणि इंटिग्रलची रांग लावूनच शिकवला जातो. मीही तसाच शिकलो, पासही झालो. पण कन्व्होल्युशन म्हणजे नेमकं काय हे डोक्यात उतरलं ते पुढं कधीतरी एका पावसाळ्यात, फोनवर बंधाऱ्याचे आकडे बघता बघता.

कारण वरचे तीन प्रश्न म्हणजेच हा विषय आहे. पाऊस हे इनपुट. डोंगर, माती, ओढे, धरण, नदीचं पात्र ही सगळी मिळून सिस्टिम. बंधाऱ्यावरची पातळी हे आउटपुट. सिग्नल म्हणजे वेळेनुसार किंवा जागेनुसार बदलणारी, मोजता येणारी कुठलीही गोष्ट. तासातासाची पातळी हा वेळेवरचा सिग्नल, तर ड्रोनने काढलेली प्रतिमा किंवा डीईएम, म्हणजे जागोजागच्या जमिनीच्या उंचीचा आकडेवारी नकाशा, हा जागेवरचा सिग्नल. आणि एक सिग्नल आत घेऊन दुसरा बाहेर काढणारं जे काही असेल ती सिस्टिम, मग ती कॅमेऱ्याची लेन्स असो, जीपीएससारख्या उपग्रहांवरून जागा सांगणारा जीएनएसएस रिसीव्हर असो की सॉफ्टवेअरमधलं एखादं बटण.

सर्व्हेवाल्याची अडचण अशी की त्याच्या हातात कायम आउटपुट पडतं. प्रत्यक्ष जमीन त्याला कधीच मिळत नाही. मिळते ती लेन्समधून, सेन्सरमधून, हिशेबातून गाळून आलेली जमीन. मधल्या खोक्यानं काय केलं हे ठाऊक नसेल, तर त्या खोक्याची करामत आपण जमिनीच्या नावावर खपवतो. मीही एकदा खपवली आहे, तो किस्सा पुढे येतोच.

गुरुवारी ऊन, तरी नदी चढतीच

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांचं पाणी प्रयाग चिखलीच्या आसपास एकत्र येतं आणि तिथून पुढे पंचगंगा. पाचवी सरस्वती, ती गुप्त. पाऊस पडतो गगनबावड्यासारख्या घाटाकडच्या पट्ट्यात आणि पाणी चढतं शहरात, ते काही वेळानं. हा 'काही वेळानं'च आपल्या कामाचा.

समजा संपूर्ण पाणलोटात एकाच दिवशी १ सेंटिमीटर पाऊस पडला आणि पुढे कडक उघडीप मिळाली. नदीला किती पाणी येईल? सगळं एकदम येणार नाही. जवळच्या ओढ्यांचं आधी, लांबचं नंतर. हिशेबाला सोपे म्हणून मी मनाचेच आकडे घेतो: पहिल्या दिवशी २ एकक प्रवाह, दुसऱ्या दिवशी ५, तिसऱ्या दिवशी २, चौथ्या दिवशी १. पाणलोटाला पावसाची एकच टपली मारली आणि त्यानं दिलेलं हे उत्तर, याला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. जलविज्ञानवाले याच्याच भावाला युनिट हायड्रोग्राफ म्हणतात. एल. के. शर्मन या अमेरिकन अभियंत्यानं ही कल्पना १९३२ साली मांडली. त्यामुळे 'हे आमचं नाही' म्हणायची सोय नाही.

आता खरा पाऊस बघू. सोमवारी ३ सेंटिमीटर, मंगळवारी १, बुधवारी ४, आणि गुरुवारपासून ऊन.

सोमवारच्या ३ सेंटिमीटरचं पाणी येणार सोमवारी ६, मंगळवारी १५, बुधवारी ६, गुरुवारी ३. मंगळवारच्या १ सेंटिमीटरचं मंगळवारी २, बुधवारी ५, गुरुवारी २, शुक्रवारी १. बुधवारच्या ४ सेंटिमीटरचं बुधवारी ८, गुरुवारी २०, शुक्रवारी ८, शनिवारी ४. आता वारावारानं उभी बेरीज मारा. सोमवार ६, मंगळवार १७, बुधवार १९, गुरुवार २५, शुक्रवार ९, शनिवार ४.

झालं कन्व्होल्युशन. आजच्या आउटपुटमध्ये आजच्या इनपुटचा वाटा असतो, कालच्याचा असतो, परवाच्याही इनपुटचा असतो, आणि कुणाचा वाटा किती हे इम्पल्स रिस्पॉन्स ठरवतो. पुस्तकात एक फलन उलटं करून दुसऱ्यावरून सरकवा असं जे लिहिलेलं असतं, ते या उभ्या बेरजेचंच दुसरं रूप आहे. गुरुवारच्या ओळीत बघा ना: बुधवारच्या पावसाला दुसऱ्या दिवसाचा ५, मंगळवारच्याला तिसऱ्या दिवसाचा २, सोमवारच्याला चौथ्या दिवसाचा १. पाऊस एका दिशेनं आणि रिस्पॉन्स उलट्या दिशेनं वाचला जातोय. तो उलटेपणा येतो तो इथूनच.

आणि सगळ्यात जास्त पाणी कधी? गुरुवारी, ज्या दिवशी थेंब पडला नाही. पूर बघितलेल्या माणसाला हे नवं नाही. डोक्यावर ऊन पडलंय आणि गंगावेशीत बायका माळ्यावर सामान चढवतायत, हे चित्र त्यानं पाहिलेलं असतं.

हे सगळं चालतं ते दोन अटींवर. पहिली लिनिॲरिटी: पाऊस दुप्पट तर प्रवाह दुप्पट, आणि दोन पावसांचा एकत्र परिणाम म्हणजे वेगवेगळ्या परिणामांची बेरीज. दुसरी टाइम इन्व्हेरियन्स: तीच सर आज पडली काय किंवा महिन्यानं पडली काय, उत्तर तेच, फक्त तितकं पुढे सरकलेलं. दोन्ही अटी पाळणाऱ्या सिस्टिमला एलटीआय म्हणतात.

आता खरं सांगायचं तर आपली पंचगंगा दोन्ही अटी मोडते. जूनमध्ये रान तापलेलं असतं, पहिला पाऊस मातीच पिऊन टाकते. ऑगस्टमध्ये जमीन तुडुंब असते, पडेल ते वाहतं. म्हणजे टाइम इन्व्हेरियन्स गेला. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचेपर्यंत ते ढिम्म हलत नाहीत, आणि पोचलं की पाण्याच्याच दाबानं आपोआप उघडतात. मग 'पावसाच्या प्रमाणात प्रवाह' कुठला? आधी शून्य आणि मग धाडकन दार. लिनिॲरिटीही गेली. शिवाय वरची बेरीज प्रवाहाची होती, फुटांची नव्हती. नदी पात्राबाहेर पडून रानात पसरली की पुढचा एकेक फूट चढायला कितीतरी जास्त पाणी लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तिथले शेवटचे पाच फूट आणि पात्रातले पहिले पाच फूट एका मापाचे नाहीत. फुटांची बेरीज कधी करू नका.

मग एलटीआय शिकायचं कशाला? एक तर थोड्या काळापुरती आणि थोड्या फरकापुरती बऱ्याच सिस्टिम एलटीआयसारख्या वागतात, पंचगंगासुद्धा. शिवाय कॅमेऱ्याची लेन्स, रिसीव्हरमधला फिल्टर, प्रतिमेवर चालवायची खिडकी या माणसानं बनवलेल्या सिस्टिम मुद्दाम तशा बनवलेल्या असतात.

फ्रीक्वेन्सीचंही इथंच उरकून घेऊ. गगनबावड्यात अर्धा तास धो धो सर येते, पुढे अर्धा तास उघडीप, पुन्हा सर. बंधाऱ्यावर हे वरखाली दिसतं का? नाही, नदी ते गिळून टाकते. पण आठवडाभराची झड आणि पुढच्या आठवड्याची उघडीप तिथं स्वच्छ दिसते. सावकाश बदल पुढे जातात, झटपट बदल वाटेत पुसले जातात: हा लो-पास फिल्टर. जोझेफ फूरिए हा फ्रेंच गणितज्ञ उष्णता कशी पसरते ते शोधत होता, आणि कुठलाही गुंतागुंतीचा बदल वेगवेगळ्या लयींच्या साध्या लाटांची बेरीज म्हणून मांडता येतो हे त्यानं दाखवलं. १८२२ च्या त्याच्या ग्रंथात ते आहे. एलटीआय सिस्टिममध्ये अशी एक लाट घातली तर त्याच लयीची लाट बाहेर पडते. तिची उंची बदलते, ती थोडी मागं पडते, लय मात्र मोडत नाही. म्हणून प्रत्येक लयीला ही सिस्टिम किती पट करते आणि किती मागं पाडते एवढी यादी हाताशी असली की कन्व्होल्युशनच्या लांबलचक बेरजांऐवजी नुसत्या गुणाकारावर भागतं.

हीच गोष्ट नकाशावर

प्रतिमेवर तीन बाय तीनची सरासरीची खिडकी फिरवता, म्हणजे प्रत्येक पिक्सेलच्या जागी तो आणि त्याचे आठ शेजारी यांची सरासरी ठेवता, तेव्हा वारांच्या जागी पिक्सेल येतात, एवढाच फरक. खिडकीतले नऊ आकडे हा इम्पल्स रिस्पॉन्स. काळ्या प्रतिमेत एकच पांढरा पिक्सेल ठेवून खिडकी चालवून बघा. बाहेर नऊ पिक्सेलचा फिकट चौकोन येईल, म्हणजे खिडकीनं स्वतःचाच फोटो काढून दिला. कुठलाही अनोळखी फिल्टर हातात पडला की ही टपली मारून बघावी. मॅन्युअल वाचण्यापेक्षा हे लवकर होतं.

सरासरीची खिडकी मऊ करते. उताराची खिडकी उलटं करते: ती शेजारच्या पिक्सेलमधला फरक काढते, म्हणजे झटपट बदल उचलून धरते. आणि डीईएममध्ये सगळ्यात झटपट बदलणारी गोष्ट कोणती? बहुतेक वेळा चूक. पाच सेंटिमीटर पिक्सेलचा ड्रोन डीईएम घ्या. दोन शेजारच्या पिक्सेलमध्ये फक्त तीन सेंटिमीटरची चूक आहे, म्हणजे उंचीच्या हिशेबानं काम चांगलंच झालंय. पण उतार काढायचा तर पाचाला तीन, म्हणजे जवळजवळ ३१ अंश. नुकतं लेव्हल केलेलं, टेबलासारखं सपाट रान नकाशावर पन्हाळ्याची तटबंदी होऊन बसतं. उंचीचा नकाशा बरोबर आणि उताराचा वेडावाकडा, असं कुणी घेऊन आलं की मी आधी विचारतो, आधी मऊ केलंस का?

ते सहा मीटरचे पट्टे

आता माझ्या फजितीकडे येऊ. शिरोळकडच्या एका ऊस लावलेल्या रानाची ड्रोन प्रतिमा होती, फार बारीक पिक्सेलची. लॅपटॉप दमायला लागला म्हणून मी ती एक मीटर पिक्सेलवर आणली, आणि घाईत सगळ्यात झटपट होणारी पद्धत निवडली, जी प्रत्येक मीटरवरचा एकच बारीक पिक्सेल उचलते आणि बाकीचे टाकून देते. प्रतिमेत रानभर सुबक गडद-फिकट पट्टे उमटले, बरोबर सहा-सहा मीटरवर. त्या भागात क्षारपड जमिनीचा प्रश्न जुना आहे. मी अंदाज बांधला की जमिनीखाली निचऱ्याच्या पाइप टाकलेल्या असणार आणि त्यांच्या मधल्या जागेत क्षार वर येत असणार. तिथल्या शेतकऱ्याला मोठ्या ऐटीत विचारलं. तो म्हणाला, "सायेब, रानात चार फुटी सरी हाय. सहा मीटरचं कायबी न्हाई."

पाइपही नव्हती. होती ती सरी.

चार फूट म्हणजे साधारण १.२ मीटर. सरीची एक लय पूर्ण व्हायला १.२ मीटर लागतात आणि मी बघतोय दर १ मीटरला. पहिला पिक्सेल वरंब्याच्या माथ्यावर पडला. दुसरा १ मीटरवर, पण पुढचा माथा १.२ वर, म्हणजे तो माथ्याच्या थोडा अलीकडे पडला. तिसरा आणखी अलीकडे, चौथा थेट सरीच्या तळाशी. असं घसरत घसरत सातवा पिक्सेल ६ मीटरवर पुन्हा बरोबर माथ्यावर, कारण ६ मीटरमध्ये पाच सऱ्या पुऱ्या होतात. प्रतिमेला वाटतं, सहा मीटरमध्ये एकच लाट आहे. पाच खऱ्या सऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी एक खोटी आली. याला अलायझिंग म्हणतात.

नियम असा की जी सगळ्यात छोटी लय पकडायची, तिच्या एका फेऱ्यात निदान दोन नमुने तरी पडले पाहिजेत, खरं तर दोनापेक्षा जास्तच. याला हॅरी नायक्विस्ट या अभियंत्याचं नाव आहे. १.२ मीटरच्या सरीला ०.६ मीटरपेक्षा बारीक पिक्सेल हवा. तेवढा परवडत नसेल तर सरी आधी पुसून टाका आणि मग पिक्सेल मोठे करा. आधी मऊ, मग विरळ. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण खोटे पट्टे एकदा प्रतिमेत बसले की ते खऱ्या सहा मीटरच्या पट्ट्यांसारखेच दिसतात, गाळून वेगळे काढता येत नाहीत. मी निदान प्रत्येक मीटरभर जागेची सरासरी घेऊन प्रतिमा लहान केली असती, तरी ते पट्टे फिके पडून पाचव्या हिश्श्यावर आले असते. पुरते गेले नसते.

वेळेतही हेच होतं. समुद्राची उंची मोजणारा टोपेक्स उपग्रह एका जागेवर सुमारे ९.९ दिवसांनी परत यायचा. चंद्रामुळे येणारी मुख्य भरती मात्र १२ तास २५ मिनिटांची. उपग्रहाच्या नोंदीत ती भरती सुमारे ६२ दिवसांची संथ लाट बनून उतरते. ज्याला हे ठाऊक नाही तो दोन महिन्यांचा समुद्रप्रवाह शोधत बसेल. आणि सूर्याशी वेळ बांधलेला उपग्रह एका जागेवर कायम घड्याळातल्या त्याच वेळेला येतो, त्यामुळे सूर्यामुळे येणारी १२ तासांची भरती त्याला कधी हललेलीच दिसत नाही.

गोंगाटातली ओळखीची हलगी

शेवटी जीएनएसएस, ज्याच्यावर आपलं पोट आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका दुबळा होतो की रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षाही तो कित्येक पटींनी खाली असतो. नुसता बघितला तर काहीच दिसणार नाही. शिवाय सगळे जीपीएस उपग्रह एल-वन या एकाच फ्रीक्वेन्सीवर, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर, एकदमच बोलतात.

खासबागेत कुस्ती रंगात आली की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. पण हलगीचा ठेका माहीत असेल तर कान तो उचलतो, कारण पुढचा ठोका कुठं पडणार हे मनात आधीच वाजत असतं. रिसीव्हर तेच करतो. प्रत्येक उपग्रहाला अधिक-उण्याचा एक ठरलेला ठेका दिलेला आहे, नागरी सी-ए कोडमध्ये १०२३ ठोक्यांचा, दर मिलिसेकंदाला पुन्हा पहिल्यापासून. रिसीव्हरला तो पाठ असतो. तो स्वतःची प्रत आलेल्या आवाजाशेजारी ठेवतो, ठोक्याला ठोका गुणतो, बेरीज करतो. नाही जमलं तर प्रत थोडी सरकवून पुन्हा. याला कोरिलेशन म्हणतात.

छोटा ठेका घेऊन बघू: + + + − − + −. तो स्वतःवरच ठेवला तर प्रत्येक गुणाकार अधिक एक, बेरीज ७. आता एक घर सरकवा, शेवटचा पुढे आणा: − + + + − − +. जोड्या गुणल्या तर तीन अधिक, चार उणे, बेरीज −१. दोन घरं सरकवा, तरी −१. कितीही सरकवा, नेमका जुळल्याशिवाय −१ च. जुळला की एकदम ७. खऱ्या कोडमध्ये हा सुळका १०२३ चा असतो, आणि दुसऱ्याच उपग्रहाचा कोड समोर आला तर बेरीज ६५ च्या आतच घोटाळते. गोंगाटाचं तर अधिक-उणं आपापसातच बऱ्यापैकी कटतं.

किती सरकवल्यावर जुळला, हाच प्रवासाचा वेळ, आणि त्यावरून अंतर. एक ठोका म्हणजे जवळजवळ २९३ मीटर. त्याचा शंभरावा भाग ओळखला तर तीन मीटर. आरटीकेवाले, म्हणजे सेंटिमीटरच्या आत जागा काढणारे, कोडवर न थांबता तो कोड वाहून आणणाऱ्या रेडिओ लाटेची फेज, म्हणजे ती लाट तिच्या फेऱ्यात कुठवर आली आहे हे मोजतात. ती लाट अवघी १९ सेंटिमीटरची, तिचा शंभरावा भाग दोन मिलिमीटर. फक्त लाटा सगळ्या सारख्याच दिसतात, त्यामुळे ही कितवी लाट हे आधी सोडवावं लागतं. रोव्हरवर, म्हणजे रानात फिरवायच्या रिसीव्हरवर, 'फ्लोट'चं (आकडा अजून अंदाजानं) 'फिक्स' (आकडा पक्का) व्हायची जी वाट बघता, ती याच आकड्याची.

आणि पत्र्याच्या शेडजवळ उभं राहिलं की एवढ्या सगळ्यावर पाणी पडतं, ते कसं हे आता कन्व्होल्युशनच्याच भाषेत सांगता येईल. शेड ही एक सिस्टिम. तिचा इम्पल्स रिस्पॉन्स म्हणजे दोन टपल्या: एक थेट आलेली, दुसरी पत्र्यावर आपटून, जरा दुबळी होऊन, उशिरा आलेली. दुसरीनं समजा ३० मीटर जास्त वाट काढली, तर ती एका ठोक्याच्या दहाव्या भागानं मागं पडते. कोरिलेशनचा सुळका खरं तर दोन्हीकडे एकेक ठोका पसरलेला त्रिकोण असतो. एवढ्या जवळचे दोन त्रिकोण वेगळे दिसतच नाहीत, त्यांचा मिळून एक तिरका त्रिकोण होतो. रिसीव्हर त्याच्या मधोमध बोट ठेवतो, आणि ते बोट काही मीटर लांब पडतं. गुरुवारच्या २५ एककांत बुधवारचं पाणी कुठलं आणि सोमवारचं कुठलं हे नुसत्या बंधाऱ्याकडे बघून सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून कोरिलेटर कितीही भारी असला तरी आधी तिपाई उचलायची आणि शेडपासून लांब, उघड्या रानात जायचं.